बांधकाम-सल्ला : जोखीम कोणाच्या हाती दिली?

गेल्या अंकात या सदरात पावसाळ्यातील पायाखोदाईविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत माती, शोअरिंग (खोदाईच्या बाजू ढासळू नयेत म्हणून दिलेला आधार) किंवा पंप यांविषयीचे प्रश्न थोडे निघाले. ‘धोका दिसत होता पण सांगता आला नाही’ किंवा ‘सांगितला पण कोणी मनावर घेतला नाही’ अशी गाऱ्हाणीच अधिक होती. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या नोकरीचा आणि धंद्याचा विचार करून नावे व साइटची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : मी नाशिकच्या गंगापूर रोड परिसरातील एका निवासी प्रकल्पावर साइट इंजिनिअर आहे. मला अडीच वर्षांचा अनुभव आहे. तळघरासाठी सुमारे साडेचार मीटर खोदाई झाली असताना पूर्वेच्या बाजूला, शेजारच्या कुंपणभिंतीलगत, मला जमिनीला भेग पडलेली दिसली. मी लगेच तीन फोटो काढून प्रकल्पाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले आणि ‘ईस्ट साइड थोडी डेंजर वाटते आहे, कृपया पाहावे’ असे लिहिले. ग्रुपमध्ये ४३ जण आहेत. त्यांतील चौघांनी अंगठा टाकला. तिसऱ्या दिवशी पहाटे ती बाजू ढासळली. सुदैवाने खाली कोणी नव्हते, दोन फुटिंगचे (खांबांखालच्या पायांचे) बांधलेले स्टील तेवढे गाडले गेले. आता प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात की, तुम्ही नीट सांगितले नाही. माझ्याकडे मेसेज आहे. मग माझे नेमके काय चुकले?

उत्तर : चूक तुमच्या एकटीची नाही, हे आधी लिहितो, कारण बैठकीत ते कोणी बोलून दाखवले नसणार. ज्या चौघांनी फोटो पाहिले त्यांत एखादा तरी असा असेल की ज्याला त्या भेगेचा अर्थ तुमच्यापेक्षा अधिक कळत होता. मराठीत ‘अंगठा दाखवणे’ म्हणजे काय, हे मोबाइलवर ते चित्र बसवणाऱ्यांना ठाऊक नसावे. आपल्या साइटवर मात्र तो अर्थ अनेकदा तंतोतंत खरा ठरतो. तरीही तुम्ही स्वतःपुरते विचारले आहे, म्हणून तेवढ्याचेच उत्तर देतो.

माझी आजी ‘जोखीम’ हा शब्द दागिन्यांना आणि रोकडीला वापरत असे. ‘जोखीम बरोबर घेऊन रात्रीच्या गाडीने निघू नकोस’ याचा अर्थ अंगावर सोने घालून प्रवास करू नकोस. असली जोखीम कोणी सीबीएस बसस्थानकाच्या बाकावर ठेवून ‘ज्याला दिसेल त्याने सांभाळावी’ असे म्हणत नाही. ती एका माणसाच्या हातात मोजून दिली जाते आणि त्याने ‘मिळाली’ असे म्हटल्यावरच देणारा मोकळा होतो. बांधकामावरच्या जोखमीलाही मी हाच नियम लावतो. तुमचा मेसेज ४३ जणांना गेला, म्हणजे तो बाकावर ठेवला गेला. प्रत्येकाला वाटले की दुसरा कोणीतरी बघत असेल.

आता शब्दांकडे वळू. ‘थोडी’ हा शब्द आपण भिडेपोटी घालतो, कारण अडीच वर्षांच्या अनुभवावर वीस वर्षांच्या अनुभवाला घाबरवणे आगाऊपणाचे वाटते. ‘वाटते आहे’ या शब्दांनी पाहिलेली गोष्ट मनातली शंका होऊन बसते. ‘कृपया पाहावे’ यात कोणी पाहावे, केव्हापर्यंत पाहावे आणि पाहून काय करावे, यांपैकी काहीच नाही. भेग केवढी आहे, कडेपासून किती आत आहे, सकाळपासून वाढली की तेवढीच आहे, हे ऑफिसात बसलेल्या माणसाला फोटोवरून कळत नाही. फोटोत प्रत्येक भेग सारखीच दिसते. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकून त्यांतले अंतर दर दोन तासांनी टेपने मोजले असते, तर तुमच्या हातात शंकेऐवजी आकडा आला असता.

मी तुमच्या जागी असतो तर आधी प्रोजेक्ट मॅनेजरना फोन केला असता आणि फोन ठेवताच त्यांच्याच नावे, ग्रुपवर नव्हे, पुढील मजकूर पाठवला असता. भेगेची मापे उदाहरणादाखल घातली आहेत. ‘पूर्व बाजूला कुंपणभिंतीला समांतर, कडेपासून अर्धा मीटर आत, सहा मीटर लांबीची भेग आहे. सकाळी नऊ वाजता रुंदी ४ मिलिमीटर होती, दुपारी चार वाजता ९ आहे. खोदलेली माती कडेला लागूनच पडली आहे. बाजू ढासळली तर खाली काम करणारे सहा फिटर आणि शेजारची भिंत सापडेल. मी माणसे वर घेतली आहेत. माती हलवायला आज पोकलेन हवे आणि आरसीसी कन्सल्टंटनी साइटवर येऊन शोअरिंगचे सांगायला हवे. सहापर्यंत आपले उत्तर यावे. तोवर पूर्वेकडचे काम बंद आहे.’ या मजकुरात एकही मोठा शब्द नाही. ‘डेंजर’सुद्धा नाही, तरी वाचणाऱ्याला हातावर हात ठेवून बसता येत नाही.

मातीच्या ढिगाचा उल्लेख मी मुद्दाम केला. खोदाईच्या सुरक्षिततेविषयीचे भारतीय मानक ३७६४ सांगते की खोदलेला माल कडेपासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यांतले जे अंतर जास्त असेल तेवढा दूर ठेवावा. साडेचार मीटर खोलीला ते अंतर सव्वादोन मीटर होते. आपल्याकडे आवार अरुंद असल्यामुळे डंपर येईपर्यंत ढीग कडेलाच असतो आणि काळ्या मातीत एक पाऊस मुरला की तोच ढीग खालच्या बाजूला ढकलू लागतो. ‘मला भीती वाटते’ आणि ‘सव्वादोन मीटर हवे, आहे शून्य’ या दोन वाक्यांना मिळणारी उत्तरे सारखी नसतात.

पत्र वाचताना मला कॅनडातील क्वेबेकचा पूल आठवला. सेंट लॉरेन्स नदीवरील या पुलाचे काम चालू असताना १९०७ च्या ऑगस्टमध्ये खालच्या दाबपट्ट्या (दाबाचा भार पेलणारे पोलादी भाग) वाकलेल्या आढळल्या. साइटवरचा तरुण इंजिनिअर नॉर्मन मॅक्लूर याने ते मोजून कळवले. मग पट्ट्या बसवण्यापूर्वीच वाकलेल्या होत्या की बसवल्यावर वाकल्या, यावर क्वेबेक, न्यूयॉर्क आणि पूल बांधणाऱ्या कंपनीचे गाव फिनिक्सव्हिल यांच्यात पत्रे फिरत राहिली. त्या महिन्याच्या अखेरीस एका पट्टीचे वाकणे आठवड्याभरात पाऊण इंचावरून दोन इंचांच्या वर गेले, तेव्हा मॅक्लूर स्वतः न्यूयॉर्कला गेला आणि सल्लागार थिओडोर कूपर यांना भेटला. कूपर यांना गांभीर्य पटले आणि पुलावर आणखी भार चढवू नये अशी तार त्यांनी केली; पण ती फिनिक्सव्हिलच्या कार्यालयाला केली. पुलावर उभ्या असलेल्या माणसांपर्यंत तो निरोप वेळेत गेला नाही. त्याच दिवशी, २९ ऑगस्टला, काम सुटण्याच्या सुमारास पूल कोसळला आणि ७५ कामगार गेले. मॅक्लूरने मोजले होते, लिहिले होते, स्वतः जाऊन सांगितलेही होते. इतके करूनही ज्या जागी काम थांबायला हवे होते त्या जागी कोणी थांबवले नाही. म्हणून वरच्या मजकुरात ‘काम बंद आहे’ हे वाक्य आहे. तेवढा अधिकार तुम्हाला आहे की नाही, हे नेमणुकीच्या वेळीच विचारून घ्यायला हवे होते. अजून विचारले नसेल तर उद्या सकाळी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

प्रश्न : मी सातपूर भागात छोटी कामे घेणारा ठेकेदार आहे. चालू कामावर मालकांना घाई आहे. पाच मीटर गाळ्याच्या (म्हणजे दोन आधारांमधील अंतराच्या) स्लॅबचे टेके आठव्या दिवशी काढून वरच्या मजल्याला लावा, असे ते म्हणतात. नाही म्हटले की ‘आधीच्या ठेकेदाराने काढले होते, काही झाले नाही’ हे ऐकावे लागते. आरसीसी कन्सल्टंटना फोन केला तर ‘बघा, सांभाळून करा’ एवढेच म्हणतात. काम हातचे न घालवता नकार कसा द्यावा?

उत्तर : नकार देऊ नका, हिशेब द्या. भारतीय मानक ४५६, वर्ष २०००, यात साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेके सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस ठेवावेत असे आहे; बीमखालचे टेके सहा मीटरपर्यंत चौदा दिवस आणि त्यापुढे एकवीस दिवस. हे दिवस साध्या पोर्टलँड सिमेंटचे आहेत आणि तेही हवा १५ अंशांच्या खाली जात नसेल तर. आज बहुतेक गोण्या पीपीसीच्या, म्हणजे सावकाश ताकद धरणाऱ्या मिश्र सिमेंटच्या, असतात आणि डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा रात्रीचा पारा १५ च्या बराच खाली उतरतो. म्हणजे तुमच्या पाच मीटर गाळ्याला चौदा दिवस हा किमान आकडा झाला. आठ दिवसांची मागणी त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे.

आता मालकांची बाजूही पाहा, कारण ते खलनायक नाहीत. सेंट्रिंगच्या मालाचे भाडे रोज चढते, बँकेचे व्याज चढते आणि ग्राहक ताब्याची तारीख विचारतो. त्यांना ‘स्लॅब पडेल’ असे सांगून उपयोग होत नाही, कारण तो बहुतेक वेळा पडत नाही आणि आधीच्या ठेकेदाराचे उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर असते. बहुतेक वेळा जे होते ते असे : कच्चा स्लॅब किंचित झुकतो, बारीक तडे जातात आणि दोन वर्षांनी टाइल्सखाली पोकळी वाजू लागते. तेव्हा कोणालाही आठवा दिवस आठवत नाही. ते प्रवर्तक, म्हणजे घरे बांधून विकणारे, असतील तर त्यांना हेही आठवून द्या की २०१६ च्या रेरा कायद्याने बांधकामातील संरचनात्मक दोष ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत दुरुस्त करून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली आहे. मग कागदाच्या एका बाजूला टेक्यांचा जादा संच भाड्याने आणण्याचा सहा दिवसांचा खर्च मांडा आणि दुसऱ्या बाजूला एका गाळ्याची दुरुस्ती मांडा. आकडे तुमच्याच दराचे असू द्यात. हा कागद तुमच्या दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा अधिक चालेल.

कन्सल्टंटचे ‘बघा, सांभाळून करा’ हे उत्तरच नव्हे. काही झाले तर त्यांना ‘मी सांभाळून करायला सांगितले होते’ असे म्हणता येते, आणि काही झाले नाही तर कोणी विचारत नाही. चूक मात्र तुमच्या प्रश्नातही असावी. ‘साहेब, टेके काढू का?’ असे विचारले की असेच उत्तर येते. त्याऐवजी ‘पाच मीटर गाळा, पीपीसी सिमेंट, सात दिवसांच्या क्यूबचा (काँक्रीटच्या चाचणी-ठोकळ्याचा) निकाल इतका. आठव्या दिवशी सर्व टेके काढण्यास आपली संमती आहे का? नसल्यास कोणते टेके कितव्या दिवसापर्यंत ठेवावेत?’ असे लिहून पाठवा. हो किंवा नाही यांच्या मधली जागाच शिल्लक ठेवू नका.

फोनवरच्या होकाराविषयी थोडेसे विषयांतर करतो. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील हयात रीजन्सी हॉटेलात १७ जुलै १९८१ रोजी छतापासून टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसे मेली. मूळ योजनेत वरचा आणि खालचा पूल एकाच सलग सळईवर टांगायचा होता. कारखान्याच्या सोयीसाठी एका सळईच्या दोन झाल्या आणि खालचा पूल वरच्या पुलालाच टांगला गेला. त्यामुळे वरच्या पुलाच्या बीमखालील नटांवर दुप्पट भार आला. या बदलाला फोनवर होकार मिळाल्याचे एका पक्षाने सांगितले, दुसऱ्या पक्षाने असा फोन झालाच नसल्याचे सांगितले. खरे काय ते असो. जोडाचे गणित पुन्हा कोणीच केले नव्हते. ‘एवढासा बदल’ म्हणून जे सांगितले जाते त्यात नेमका हाच फरक लपून बसतो, म्हणून बदल सांगताना ‘भार कुठून कुठे गेला’ हे वाक्य नेहमी त्याला जोडावे.

प्रश्न : गोदाकाठाजवळच्या एका कामावर मी प्लॅनिंग पाहतो. आमच्या रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे संभाव्य धोक्यांच्या यादीत, ६२ ओळी आहेत. प्रत्येकीला शक्यता, परिणाम आणि त्यांचा गुणाकार करून लाल, पिवळा, हिरवा रंग दिला आहे. मासिक बैठकीत हा तक्ता पडद्यावर दोन मिनिटे दिसतो, सगळे ‘नोटेड’ म्हणतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. काम सिंहस्थापूर्वी पुरे करायचे आहे. तक्ता तयार करण्यात माझे दोन दिवस जातात. तो कोणी वाचावा यासाठी काय करावे?

उत्तर : तुमच्या साइटपासून रामकुंड किती अंतरावर आहे ते मला ठाऊक नाही, पण एकदा तिथे जाऊन नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीसमोर पाच मिनिटे उभे राहा. गंगापूर धरणातून इतक्या हजार क्युसेकचा विसर्ग, ही बातमी सगळे वाचतात आणि त्यांतले फार थोडे तिचा अर्थ लावू शकतात. पण ‘मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले’, ‘कमरेला लागले’, ‘छातीच्या वर गेले’ हे ज्याला कळत नाही असा जुना नाशिककर सापडणार नाही. पाणी अमुक खुणेला आले की काठावरची दुकाने मागे घ्यायची, आणखी वर चढले की सराफ बाजाराने आणि भांडी बाजाराने माल वरच्या फळीवर न्यायचा, हे तिथल्या व्यापाऱ्याला कोणी प्रशिक्षणात शिकवलेले नाही. खूण सगळ्यांना दिसते आणि प्रत्येक खुणेला एक काम बांधलेले आहे.

तुमच्या ६२ ओळींत ही दोन्ही लक्षणे नाहीत. ‘पुराचे पाणी खोदाईत शिरणे : शक्यता मध्यम, परिणाम गंभीर, रंग लाल’ हे वाचून फोरमनने काय करायचे? रंग हा तुमचा निष्कर्ष आहे, त्याचे काम नव्हे. त्याच ओळीऐवजी खोदाईच्या नदीकडील खांबावर पांढऱ्या आणि लाल रंगाचे दोन पट्टे मारा आणि लिहा : ‘धरणातून विसर्ग सुरू झाल्याचा निरोप आला की पंप आणि केबल वर. पाणी पांढऱ्या पट्ट्याला लागले की मशिन बाहेर. लाल पट्ट्याला लागले की शेवटचा माणूस बाहेर. निर्णय पाळीच्या फोरमनचा. कोणाला विचारायची गरज नाही.’ शेवटचे वाक्य प्रोजेक्ट मॅनेजरच्या सहीने लिहिलेले असावे, नाहीतर रात्री दोन वाजता फोरमन आधी फोन शोधेल आणि साहेबांचा फोन बंद असेल.

‘शक्यता’ या शब्दाविषयीही सावध राहा. एका बैठकीत मी आठ जणांना चिठ्ठ्या दिल्या आणि ‘स्टील उशिरा येण्याची शक्यता आहे’ या वाक्याचा अर्थ शंभरात किती, तेवढा आकडा लिहायला सांगितला. चिठ्ठ्यांवर २० पासून ८० पर्यंत आकडे आले. ८० लिहिणारा खरेदी विभागाचा होता आणि ज्याने २० लिहिले त्याच्या हातात वेळापत्रक होते. वाक्य एकच, पण दोघे दोन वेगळ्या गोष्टी मान्य करून बैठकीतून उठत होते. त्यामुळे ‘शक्यता मध्यम’ असे लिहिण्यापेक्षा ‘मागच्या सहा ऑर्डरींपैकी चार वेळा आठवड्याहून अधिक उशीर झाला’ असे लिहावे. स्वतःच्या साइटच्या नोंदी चाळल्या तर असे आकडे निघतात.

जोखीम व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे २०१८ च्या आयएसओ ३१००० मध्ये, संवाद आणि सल्लामसलत ही अखेरची पायरी म्हणून नव्हे तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालणारी गोष्ट म्हणून मांडली आहे. तुमच्याकडे ती महिन्यातून दोन मिनिटे चालते. ६२ ओळी तुमच्या संगणकात राहू द्या. बैठकीला पाचच न्या, आणि प्रत्येक ओळीपुढे विभागाचे नाव न लिहिता एका माणसाचे नाव लिहा. तो माणूस बैठकीत हजर नसेल तर ती ओळ त्या दिवशी वाचूच नका, आधी त्याला फोन लावा.

सिंहस्थाचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे, माझ्या मते खरी जोखीम तिथेच आहे. गुरू सिंह राशीत जायचा थांबणार नाही, त्यामुळे २०२६-२७ ची तारीख पुढे सरकणार नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तारीख हलत नसली की माणसे उशीर लपवू लागतात. ‘कव्हर करून घेऊ’ हे वाक्य बैठकीत ऐकू आले की ते शब्दशः नोंदवहीत लिहा आणि समोर ‘कोणत्या आठवड्यात, किती जादा माणसांनी’ असे विचारून तेही लिहा. उत्तर आले नाही तर जागा कोरी ठेवा. कोरी जागा पुढच्या बैठकीत आपोआप बोलते.

प्रश्न : अंबड येथे कारखान्याच्या शेडचे काम चालू आहे. मी सेफ्टी सुपरवायझर आहे. रोज सकाळी टूलबॉक्स टॉक (काम सुरू होण्यापूर्वी सुरक्षेविषयीचे छोटे बोलणे) घेतो. कामगार बहुतेक बिहार आणि झारखंडचे आहेत. ‘समझ गये?’ विचारले की सगळे ‘हाँ साहब’ म्हणतात आणि तासाभराने तेच करतात जे करू नका म्हणून सांगितले. यांना कसे समजवावे?

उत्तर : ‘समझ गये?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर देण्याची सोय जगातल्या कोणत्याही कामगाराला नसते. त्याऐवजी एकाला पुढे बोलवा आणि ‘आज कुठे जायचे नाही ते मला चालून दाखव’ म्हणा. तो चुकीच्या जागी थांबला तर दोष तुमच्या सांगण्याचा धरा आणि पुन्हा सांगा. बोलणे पाच मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका, आणि ते कामाच्या जागी उभे राहून करा, ऑफिसच्या दारात नव्हे.

माझ्या स्वतःच्या एका फजितीची हकिगत सांगतो. एका कामावर मी रोज सांगत असे की खोदाईच्या उत्तरेकडच्या कडेने कोणी चालू नये. चुन्याची रेघ मारली, दोरी बांधली, एकदा रागावून दोघांची हजेरी मांडली नाही. तरी दुपारी रेघ पुसलेली असे. शेवटी एका बिगाऱ्याला मी दटावणीच्या सुरात नव्हे तर खरोखरच विचारले की तू रोज तिकडून का जातोस. तो म्हणाला, ‘साहब, पानी तो उधर ही है.’ पिण्याच्या पाण्याची टाकी आम्हीच कडेपलीकडे ठेवली होती. माझ्या पंधरा दिवसांच्या भाषणांत त्या टाकीचा उल्लेख नव्हता, कारण मला पाणी ऑफिसात मिळत होते. टाकी हलवायला चार माणसे आणि अर्धा तास लागला. त्या दोघांची हजेरी मी दुसऱ्या दिवशी मांडून दिली. ती आधीच मांडायला हवी होती.

धोका वरून खाली सांगायचा असतो अशी आपली समजूत असते. परांचीची कुठली फळी दबते, कोणत्या शिडीचा पाय घसरतो, क्रेनवाला कधी घाई करतो, याची माहिती खाली असते आणि ती मुकादमापाशी येऊन थांबते, कारण काम थांबले तर त्याचे माप कमी भरते. ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी मालक आणि कामगार दोघांचे प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती असावी, असे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने ठरवले होते ते याचसाठी. तुमच्याकडे साठ माणसे असतील तर समिती नको, पण धोका दाखवून काम थांबवणाऱ्याचा खाडा धरला जाणार नाही, हे मुकादमादेखत आणि त्यांच्या भाषेत एकदा जाहीर करा. मग पहिल्यांदा जो कोणी थांबवेल त्याची शंका चुकीची निघाली तरी त्याला पूर्ण रोज द्या. बाकीचे तेवढेच बघत असतात.

प्रश्न : इंदिरानगर भागात स्वतःचे घर बांधत आहे. मला त्यातले काही कळत नाही. इंजिनिअर चांगले आहेत, पण काहीही विचारले की ‘काळजी करू नका’ म्हणतात. मी काय विचारावे?

उत्तर : ‘सगळे ठीक आहे ना?’ असे विचारणे सोडा, कारण त्याला ‘हो’ हेच उत्तर येते. ‘या घरात पुढच्या पाच वर्षांत काही बिघडले तर ते सर्वांत आधी कुठे बिघडेल?’ असे विचारा. चांगला इंजिनिअर या प्रश्नावर थांबतो, विचार करतो आणि बोलायला लागतो. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी वर काळी माती असते; ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया तिच्यातच राहिला तर जोत्याला आणि भिंतींना तडे जातात. त्यामुळे पाया किती खोल जाणार आणि मुरूम किंवा कातळ लागला नाही तर काय करणार, हा दुसरा प्रश्न. ‘त्याचा खर्च किती वाढेल आणि ते मला केव्हा कळेल’ हा तिसरा. ही उत्तरे घरी येऊन वहीत लिहा आणि त्याच संध्याकाळी इंजिनिअरना ‘मला असे समजले, बरोबर आहे ना?’ म्हणून पाठवा. पायाचा पहिला खड्डा तळाला पोहोचेल त्या दिवशी रजा काढून साइटवर जा, तळाशी काय लागले ते उतरून नव्हे, वरून पाहा, आणि काँक्रीट पडण्यापूर्वी टेप धरून फोटो काढून ठेवा.